नोराचे प्रस्थान आणि मूल्यभेदाचा प्रश्न

‘पाश्चात्त्य मूल्ये व्यक्तिवादी, भारतीय मूल्ये कुटुंबनिष्ठ’ हे समीकरण आपल्या तौलनिक अभ्यासात इतके रूढ झाले आहे, की प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते गृहीत धरले जाते आणि पुढील प्रकरणे केवळ त्याची उदाहरणे गोळा करतात. हे समीकरण तपासून पाहण्यास इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाचा इतिहास उपयुक्त ठरेल.

नाटकाच्या अखेरीस नोरा पती आणि मुले यांना सोडून जाते. हे पाश्चात्त्य व्यक्तिवादाचे निदर्शक मानले जाते. वस्तुतः १८८० मध्ये जर्मनीतील नामवंत अभिनेत्री हेडविग नीमान-राबे यांनी, आपण मुलांना कधीच सोडून जाणार नाही असे सांगून, तो शेवट करण्यास नकार दिला. इतरांनी मोडतोड करण्यापेक्षा आपणच बदल करावा, म्हणून इब्सेनने नाराजीनेच दुसरा शेवट लिहिला : मुलांच्या खोलीच्या दारापाशी नोरा कोसळते आणि घरातच राहते. ज्या वात्सल्यमूल्याला आपण ‘आपले’ म्हणतो, त्यानेच युरोपीय रंगभूमीवर हे नाटक बदलावयास लावले.

याउलट चीनमध्ये नोरा नव्या पिढीची नायिका ठरली. तथापि १९२३ मध्ये पेकिंगच्या महिला अध्यापक विद्यालयातील व्याख्यानात लू शुन यांनी वेगळाच प्रश्न उपस्थित केला : घर सोडल्यानंतर नोराचे काय होते? आर्थिक अधिकार नसेल, तर तिला अधःपतन किंवा परत येणे एवढेच मार्ग उरतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे चर्चा मूल्यांवरून साधनांकडे वळते. स्वतः नोराचा पेचही पतीच्या संमतीवाचून पत्नीला कर्ज काढता येत नाही, या बंधनातूनच निर्माण झालेला आहे.

आपल्याकडेही ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ चा, म्हणजे इब्सेनच्या नाटकानंतर अवघ्या तीन वर्षांचा आहे. स्त्रियांच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा प्रश्न विधवांच्या येथील स्थितीतून उद्भवला होता. तो आयात केलेला नव्हता.

याचा अर्थ समाजासमाजांत मूल्यभेद नसतात, असा नव्हे. एकच कृती एका समाजात धाडस, तर दुसऱ्यात महापातक ठरते. परंतु प्रत्येक समाजात मूल्यांविषयी वाद चालू असतो आणि बहुधा प्रबळ पक्षाचे मत ‘संस्कृती’ म्हणून नोंदले जाते. अभ्यासकाने ते मत संपूर्ण समाजाचे मानले, की ताराबाई आपल्याच परंपरेत परक्या ठरतात. म्हणून दोन संस्कृतींची तुलना करण्यापूर्वी त्या प्रत्येकीतील अंतर्गत वाद, तत्कालीन कायदा आणि साहित्यकृतीचा स्वीकार यांचा अभ्यास होणे अगत्याचे आहे. अन्यथा तौलनिक अभ्यास हा पूर्वग्रहांचाच तक्ता होऊन बसेल.