तुंबलेल्या पाइपाची थिअरी

जालन्याच्या माणसाला पाइपलाइन समजावून सांगावी लागत नाही. घाणेवाडीचा तलाव, जायकवाडीची पाइपलाइन आणि नळ कधी येणार, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. त्यामुळे 'मानेतल्या शिरा अरुंद झाल्या, मेंदूतलं रक्त नीट खाली उतरत नाही, म्हणून मल्टिपल स्क्लेरोसिस. फुगा घालून शिरा मोकळ्या करा' असं कुणी म्हटलं की चटकन पटतं. घोळ तिथेच आहे.

ही थिअरी इटलीतल्या फेरारा विद्यापीठाच्या पावलो झांबोनींची, २००९ सालची. त्यांच्या पत्नीलाही हाच आजार. कॅनडातल्या टीव्हीवर ती गाजली, उपचाराला 'लिबरेशन' असं झकास नाव पडलं, आणि पेशंट पैसे जमवून देशोदेशी निघाले. पुण्यातही आले.

"पण लोकांना बरं वाटलं ना!" अहो, इंटरमिटंट बगच्या मागे रात्री घालवलेल्यांनी तरी हे म्हणू नये. बहुतेकांचा एमएस सुरुवातीला झटक्यांनी येतो. एका डोळ्यापुढे अंधारी, पाय बधिर, मग काही आठवड्यांत बरंचसं आपोआप ओसरतं. मधे जे केलं त्याला श्रेय! सर्व्हर रीस्टार्ट केला, चालला, तिकीट क्लोज.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मृत्यू आणि पक्षाघातासारख्या धोक्यांचा इशारा दिला. २०१३ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात अरुंद शिरा पेशंट, त्यांची भावंडं आणि निरोगी माणसं, सगळ्यांत जवळपास सारख्याच सापडल्या. आणि २०१७ मध्ये खुद्द झांबोनींनी ११५ पेशंटची चाचणी छापली: काहींवर खरी अँजिओप्लास्टी, काहींवर नुसतं नाटक. फायदा शून्य. हा उपचार करू नका, असं त्यांनीच लिहिलं. त्यामुळे 'औषध कंपन्यांनी दाबलं' हे कृपया मला सांगू नका. (स्वतःच्या थिअरीवर अशी टेस्ट चालवणारा माणूस मला तरी आवडतो.)

माझा राग फॉरवर्ड करणाऱ्यांवर आहे. घनसावंगीतल्या एखाद्या घराने त्या फुग्यासाठी मोसंबीची बाग गहाण टाकली, तर पैसे जातातच, वेळही जातो. आजची औषधं एमएस मुळापासून घालवत नाहीत, पण झटके कमी करतात, आणि मज्जातंतूंचं झालेलं नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. जालन्याहून संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जायला साधारण ६० किलोमीटर. ते भाडं आधी खर्च करा.

आणि फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.