यंत्र शेतात, नजर पडद्यावर

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेतं धुंडाळणं हा हजारो लोकांचा सुट्टीचा छंद आहे. त्याला लागणारा वेळ दोन ठिकाणी जातो, शेतात आणि संगणकासमोर. शेतातला वेळ सत्कारणी आणि पडद्यासमोरचा वाया, असा सरधोपट हिशेब इथे लागू पडत नाही. पडद्यासमोरचे काही तास या छंदाला अत्यावश्यक असतात आणि काही त्याच्या मुळावर येतात.

शेतातला वेळ पिकाच्या तालावर चालतो. गहू आणि जव उभे असताना रानात पाऊल टाकायची सोय नसते. ऑगस्टच्या आसपास कापणी उरकली की धसकटांतून फिरता येतं, आणि पुढची पेरणी होईपर्यंतचे मोजके आठवडे म्हणजे छांदिष्टांची सुगी. त्यातही जमीनमालकाची परवानगी हवी. ती नसेल तर सापडलेली वस्तू उचलणं चोरीत जमा होतं. संरक्षित स्मारकाच्या जागेत सरकारी परवान्याशिवाय यंत्र चालवणं हा १९७९ च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. म्हणजे वर्षातले कित्येक महिने हौशी माणसाला घरीच बसावं लागतं.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. कॉइलमधल्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्यामुळे जमिनीतल्या धातूत बारीक प्रवाह उठतात आणि त्यांची चाहूल कॉइलला परत लागते. एखादं नाणं साधारण वीतभर खोलीपर्यंत कळतं. धातूच्या वाहकतेवरून आवाज बदलतो खरा, पण शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची लहानशी अंगठी कानाला बऱ्याचदा सारखीच वाटते. कड्यांचा कंटाळा येऊन तो आवाज यंत्रावर बंद केला, तर अंगठीही गेली. म्हणून प्रत्येक आवाजाला वाकायचं, गवताचा थर एका बाजूने उचलायचा, माती चाळायची आणि खड्डा पुन्हा बुजवायचा. संध्याकाळी पिशवीत बहुतेक वेळा शिशाचे तुकडे, बटणं आणि त्या कड्याच निघतात.

हे कष्ट थोडे तरी नेमक्या जागी व्हावेत म्हणून आधी पडद्यासमोर बसायचं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकोणिसाव्या शतकातले सर्वेक्षण-नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर ठेवून पाहण्याची सोय सर्वांना खुली केली आहे. बुजलेली पायवाट, पाडलेलं घर, ओढ्यावरचा जुना उतार त्यांत दिसतो. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणी २०१५ पासून फुकट उपलब्ध आहे. उभ्या माणसाला सपाट भासणाऱ्या कुरणात तिच्यामुळे मध्ययुगीन नांगराचे वरंबे उठून दिसतात. लोकांची ये-जा जिथे होती तिथे खिशातून काहीतरी पडलेलं असतं, एवढाच यामागचा तर्क. नशिबाला अर्थात नकाशा लागत नाही. सफोकमधल्या हॉक्सन गावी १९९२ मध्ये एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन सोन्याचांदीचा प्रचंड साठा हाती लागला. पुढे हातोडाही मिळाला, आणि तोही आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

पडद्यासमोरचं दुसरं काम शोधानंतरचं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. नाणं घासून लखलखीत करण्याचा मोह आवरायचा, ते लहान पिशवीत ठेवायचं आणि पिशवीवर जागेचा नकाशा-क्रमांक लिहायचा. सहा आकडी क्रमांक शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, आठ आकडी दहा मीटरच्या. इंग्लंड आणि वेल्समधले असे शोध नोंदवण्याची योजना १९९७ मध्ये सुरू झाली. तिच्या खुल्या संग्रहात आज पंधरा लाखांहून अधिक वस्तू आहेत. ही नोंद ऐच्छिक आहे. खजिन्याच्या व्याख्येत बसणाऱ्या वस्तूची खबर मात्र १९९६ च्या कायद्यानुसार चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, द्यावीच लागते. जागा ठाऊक नसलेलं नाणं इतिहासाच्या दृष्टीने जवळपास मुकं असतं, त्यामुळे नोंदीचे तास शेतातल्या तासांतच धरायला हवेत.

सॉमरसेटमधल्या फ्रोम इथे २०१० मध्ये हे स्पष्ट दिसलं. एका हौशी शोधकाला मातीखाली मडक्याचं तोंड लागलं. नाणी ओरबाडून न काढता त्याने खोदणं थांबवलं आणि पुरातत्त्वज्ञांना कळवलं. मडकं थराथराने रिकामं करण्यात आलं आणि ५२,५०३ रोमन नाणी निघाली. त्यांतली सर्वांत अलीकडची, सम्राट कॅरॉशियसच्या काळातली नाणी वर नसून बरीचशी खालच्या भागात होती. वर्षानुवर्षं थोडी थोडी भर पडली असती तर ती वर मिळायला हवी होती. यावरून मडकं एकाच वेळी भरलं असावं, असा निष्कर्ष निघाला. घाई झाली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि हा निष्कर्ष कायमचा हुकला असता.

उरतो तो तिसरा वेळ, म्हणजे दुसऱ्यांच्या घबाडाचे व्हिडिओ, नव्या यंत्रांची तुलना, आपल्या शोधाची मिरवणूक. यांतल्या व्हिडिओंतून एक फसवी अपेक्षा तयार होते. कापून जोडलेल्या वीस मिनिटांत तीन सोन्याची नाणी दिसतात, मधल्या शिशाच्या आणि कड्यांच्या रिकाम्या दुपारी दिसत नाहीत. मग माणूस शेताला कंटाळतो आणि आणखी महाग यंत्र शोधत बसतो. मिरवणुकीत धोकाही आहे. फोटोच्या पार्श्वभूमीतल्या चर्चच्या मनोऱ्यावरून शेत ओळखता येतं, आणि रात्री चोरून खणणाऱ्या टोळ्या तेवढ्यासाठी टपलेल्या असतात. हियरफर्डशायरमध्ये २०१५ साली दोघांनी व्हायकिंगकालीन खजिना दडवला, तेव्हा मोबाइलमधून पुसलेले फोटो तपासात परत मिळाले आणि त्यांच्याच अंगाशी आले. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी जेमतेम तीसेक हाती लागली.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हा छंद तिथले नियम पाळून करता येतो. महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. केंद्र-संरक्षित किल्ल्यावर परवानगीविना खोदकाम १९५८ च्या कायद्याने निषिद्ध आहे, मग शिवराईच्या आशेने आलेला कितीही इतिहासप्रेमी असो. इतरत्र १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही जमिनीत दडवलेलं सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे.