शिखरावरचे मौन आणि चांदीचा घुमट

इंग्रज लेखक टॉल्किन यांचा ‘द सिल्मारिलियन’ हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील न्यूमेनॉर या कल्पित द्वीपावर उपासनेची दोन स्थाने आहेत.

पहिले मेनेलटार्मा पर्वताच्या माथ्यावर. तेथे भिंत नाही, छत नाही, वेदी नाही. दगडांची साधी रासही नाही. वर्षातून तीनदा राजा तेथे प्रार्थना करी. इतर सर्व मौन पाळीत. (दर्शनाच्या गर्दीत आपल्यापैकी कितीजणांस ते साधेल?)

दुसरे मंदिर सॉरॉन या कपटी सल्लागाराने राजधानीत उभारविले. व्यास ५०० फूट, भिंतींची उंचीही तेवढीच, तळाशी त्यांची जाडी ५० फूट आणि वर चांदीने मढविलेला घुमट. व्यापारी घरांतील वाचकांस खर्चाचा अंदाज सहज येईल. हेतू मात्र निराळाच होता. मृत्यूपासून सुटका मागण्यासाठी तेथे माणसांचे बळी दिले जात. मृत्यू टळला नाहीच, उलट अधिक लवकर येऊ लागला.

या साऱ्या वर्णनात मला सर्वांत बोलका वाटतो तो घुमटाच्या माथ्यावरील झरोका. तो उजेडासाठी नव्हता, होमाचा धूर बाहेर जावा म्हणून होता. त्याच धुराने वरची चांदी काळी पडली.