हुशार गाडी, पण मुकी!

माझा मामा पुण्यात टॅक्सी चालवतो. गाडी शेठची, इलेक्ट्रिक. दिवाळीत मामाकडे गेलो तेव्हा वाटलं, आल्या आल्या चक्कर मारून आणेल. तर स्वारी गप्प! शेवटी मामीनेच सांगितलं, "तीनशे रुपये कापले शेठनी. चार्जिंग जास्त झालं म्हणे!"

झालं होतं असं. मामा मुंबईहून गिऱ्हाईक घेऊन निघाला. खालापूरच्या टोलनाक्यावर स्क्रीनवर आकडा होता ९०. म्हणजे अजून ९० किलोमीटर जाणार. निगडी तिथून साठ-पासष्ट. मामा निवांत. पण खंडाळ्याचा घाट चढून लोणावळ्याला पोचेपर्यंत आकडा ४५! वीसेक किलोमीटर चालली आणि ४५ गायब. एसी बंद केला तर गिऱ्हाईक तापलं. चार्जरवर आधीच दोन गाड्या उभ्या. दीड तास गेला, भाडं कमी मिळालं, बाहेरच्या चार्जिंगचा खर्च झाला तो वेगळाच. वर शेठ म्हणाले, "मधे कुठे फिरवून आणलीस का?" मामाकडे दाखवायला काहीही नाही. ट्रिप मीटर होता, पण पुढच्या भाड्याला रीसेट केला आणि मागचं सगळं पुसलं गेलं.

मी मेकॅनिकलचा. मामाच्या लाइट बिलाच्या मागे गणित मांडलं. माणसं-सामान धरून गाडी १६०० किलो, चढ साधारण ५५० मीटर. mgh तर अकरावीतलं! उत्तर येतं ८६ लाख ज्यूल, म्हणजे सुमारे २.४ युनिट. सपाट रस्त्याला किलोमीटरमागे ०.१५ युनिट धरलं, तर नुसत्या उंचीसाठी १६ किलोमीटरची वीज गेली. मोटरमधली तूट, एसी, चढावर रेटलेला वेग हे सगळं त्याच्यावर. म्हणजे मामाने काही चोरलं नव्हतं. चोर होता घाट!

मामा बिलाकडे बघत म्हणाला, "अरे, तुझं हे गणित शेठला कोण समजावणार? गाडीनेच सांगितलं असतं तर ऐकलं असतं त्यांनी."

मित्रांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण गाडीला सगळं माहीत असतं! बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा प्रवाह, व्होल्टेज, तापमान सतत मोजत असते. तसं केलं नाही तर बॅटरीच धोक्यात येईल. पण मोजलेलं ड्रायव्हरला द्यायचं मात्र नाव नाही. उरलेल्या किलोमीटरचा आकडा बहुतेक वेळा मागच्या सरासरीवरून काढतात. मागचा रस्ता सपाट, म्हणून पुढचाही सपाट असं गृहीत! हे म्हणजे पहिल्या युनिट टेस्टच्या मार्कांवरून एम-थ्रीचा निकाल सांगण्यासारखं झालं.

पुढचा रस्ता बघून हिशोब करणाऱ्या गाड्या आहेत, नाही असं नाही. पण कुठे ते महागड्या मॉडेलमध्ये, कुठे मोबाईल ॲपवर, तेही काही वर्षांनी वर्गणी भरा. का बरं? १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना ८० च्या वर वेग गेला की इशारा देणं सक्तीचं झालं. वेगासाठी टीं-टीं करता येतं, तर "पुढे घाट आहे, या वेगाने पोचणार नाहीस" एवढं सांगायला काय हरकत आहे? आणि तेही खालापूरला, लोणावळ्याला नव्हे!

माझा रूममेट म्हणतो, "ट्रिपची नोंद म्हणजे मालकाच्या हातात आयती दोरी. ड्रायव्हर चहाला थांबला तरी कळेल." मुद्दा खरा आहे. म्हणून माझं म्हणणं असं की नोंद विजेची ठेवा, माणसाची नको. किती किलोमीटर, किती युनिट, किती चढ, एसीला किती. गाव-गल्ली कशाला? आणि त्याची प्रत आधी ड्रायव्हरच्या हातात. उद्या भांडण झालं तर त्याच्याकडेही कागद असेल.

दुसरा आक्षेप येतो, इतके इशारे कोण ऐकणार? बरोबर. आपल्या होस्टेलच्या टाकीचा अलार्म रोज वाजतो, उठतं का कुणी? म्हणून इशारा एकच हवा, वेळेवर हवा आणि मराठीत हवा.

खर्चाचं म्हणाल तर एका ट्रिपची नोंद १०० बाइट धरा. रोज दहा ट्रिपा, वर्षभराचे झाले ३ लाख ६५ हजार बाइट. मोबाईलवरचा एक फोटो याहून मोठा असतो! तेव्हा जागा नाही, पैसा नाही या सबबी चालणार नाहीत. अडचण वेगळीच आहे. ओबीडीचे ठरलेले कोड धूर मोजण्यासाठी आले, बॅटरीचे आकडे मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या भाषेत बोलते. ती भाषा कंपन्यांनी उघड करायला हवी, निदान गाडी चालवणाऱ्यापुरती तरी.

तोवर? फायनल इयरवाल्यांनो, लाइन फॉलोअर रोबोट पुष्कळ झाले. एखादा ग्रुप हा विषय घेणार असेल तर मी यायला तयार आहे. टेस्टिंगला ड्रायव्हर आपल्याकडे आहे. त्याचे तीनशे रुपये आता परत मिळणार नाहीत, पण पुढच्याचे तरी वाचतील.