एक उपेक्षित रणखेळ

विद्यार्थ्यांच्या खेळांविषयी शिक्षकाने लिहावयाचे म्हटले की त्यात उपदेश आलाच, अशी वाचकांची अपेक्षा असते. त्यातून विषय व्हिडिओ गेमचा असला तर विचारूच नये! डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, वेळ फुकट जातो, ही तक्रार आम्ही पालकसभेत दर वर्षी ऐकतो, आणि तीत तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु सगळे व्हिडिओ गेम एकाच माळेचे मणी आहेत, असे या तक्रारीत गृहीत धरलेले असते, ते मात्र आम्हांस मान्य नाही. पुस्तकांत जशी चाळून टाकून देण्याजोगी व जपून ठेवण्याजोगी अशी दोन्ही असतात, तशीच या खेळांचीही गोष्ट आहे. आणि जपून ठेवण्याजोग्या खेळांपैकी कित्येकांची नावेही आज आमच्या मुलांच्या कानावर गेलेली नाहीत. अशा एका खेळाची ओळख आमच्या विद्यार्थिमित्रांस करून द्यावी व तो शोधून काढताना जे दिसले तेही सांगावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

खेळाचे नाव 'हेर्झोग झ्वाय'. जपानात नागासाकी प्रांतातील सासेबो या बंदराच्या गावी टेक्नोसॉफ्ट नावाची एक लहानशी संस्था होती. तिने हा खेळ रचला आणि १९८९ च्या डिसेंबरात तो सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. जपानी संस्था आणि जर्मन नाव! घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या आम्हा सीमेवरच्या माणसांस अशा मिसळीचे नवल वाटू नये. 'झ्वाय' म्हणजे दोन; १९८८ मध्ये निघालेल्या 'हेर्झोग' या खेळाचा हा दुसरा अवतार. 'हेर्झोग' या शब्दाचा आजचा अर्थ ड्यूक, म्हणजे मोठा सरदार; पण शब्दाच्या मुळाशी गेल्यास 'सैन्याच्या पुढे चालणारा' असा अर्थ निघतो. या खेळाचे सारे मर्म त्या मूळ अर्थात आहे.

जपानी चित्रकथांत व चित्रपटांत 'मेका' नावाचा एक प्रकार फार लोकप्रिय आहे. माणूस आत बसून चालवितो असे अजस्र यंत्र, म्हणजे एक प्रकारचा यंत्रवीर. गो नागाई यांचा 'माझिंगर झेड' १९७२ मध्ये आला आणि १९७९ मध्ये 'गुंडाम' ही मालिका सुरू झाली. तेव्हापासून जपानी मुलांच्या दोन-तीन पिढ्या या यंत्रवीरांच्या संगतीत वाढल्या. 'हेर्झोग झ्वाय'मध्ये खेळणाऱ्याच्या हाती असतो तो असाच एक यंत्रवीर. तो क्षणात विमान होऊन उडतो, क्षणात जमिनीवर उतरून माणसासारखा चालत लढतो. इथवर ऐकून कोणास वाटेल की हा नेहमीचाच धडाधड गोळ्या झाडण्याचा खेळ. तसा तो नव्हे.

रणभूमीच्या दोन टोकांस दोन प्रतिपक्षांचे एकेक मुख्य ठाणे असते आणि मध्ये नऊ लहान तळ विखुरलेले असतात. जितके तळ आपल्या ताब्यात, तितके उत्पन्न अधिक. त्या पैशातून आठ प्रकारची दले उभी करता येतात. पायदळ, मोटारसायकली, चिलखती गाड्या, रणगाडे, विमानांवर क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या गाड्या, नौका, एका जागी रोवून ठेवावयाच्या तोफा आणि रसदगाड्या. शत्रूचे मुख्य ठाणे उद्ध्वस्त केले की जिंकलो. मात्र तळ घेण्याची शक्ती केवळ पायदळात आहे. चार तुकड्या आत शिरल्याखेरीज तळ आपला होत नाही. रणगाडे कितीही असोत, साधा पायदळी शिपाई आत गेल्याविना भूमी मिळत नाही. ही एकच अट घालून खेळ रचणाऱ्यांनी किती गोष्टी सांगून टाकल्या आहेत!

यापुढची योजना तर फारच मार्मिक आहे. तयार झालेले दल आपोआप आघाडीवर जात नाही. सेनापतीने स्वतः विमानरूपाने आपल्या तळावर यावे, ते दल उचलावे, आणि हवे तेथे नेऊन सोडावे. एका वेळी एकच दल. शिवाय प्रत्येक दलास आज्ञा द्यावी लागते. येथेच उभे राहा, गस्त घाल, जवळचा तळ घे, शत्रूच्या ठाण्यावर चालून जा. आणि या प्रत्येक आज्ञेचे मूल्य मोजावे लागते. दिलेली आज्ञा बदलावयाची झाली, तर पुन्हा जाऊन ते दल उचलावयाचे आणि पुन्हा पैसे भरावयाचे. हाताखालच्या माणसास उगाच चार वेळा चार कामे सांगणाऱ्या मोठ्या माणसांनी (त्यांत आम्हा शिक्षकांचीही गणना करावी) हा खेळ एकदा तरी खेळून पाहावा.

बुद्धिबळाशी याची तुलना कोणी करील. सांगलीसारख्या नगरीत १९४१ पासून नूतन बुद्धिबळ मंडळ त्या खेळाची जोपासना करीत आले आहे, आणि त्या खेळाविषयी आमचा आदर कमी नाही. पण बुद्धिबळात सारा पट डोळ्यांसमोर असतो, आणि प्रतिपक्ष आपल्या खेळीची वाट पाहत थांबतो. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. सेनापती जेथे असेल त्याच्या आसपासचे तेवढेच नीट दिसते. तो उत्तरेस रणगाडा पोचवीत असता दक्षिणेचा तळ हातचा जाऊ शकतो. यंत्रवीराचे इंधन संपते, दारूगोळा संपतो, आणि दूर सोडलेल्या दलांचेही इंधन संपून ती जागच्या जागी खिळतात. म्हणून रसदगाडी पाठवावी लागते. रसद तुटलेल्या सैन्याची गत काय होते, हे आम्ही आठवीच्या वर्गात १७६१ चे पानिपत शिकविताना सांगतो. मुले ऐकतात आणि उत्तरात लिहितात. येथे तीच गोष्ट त्यांच्या हातून घडते.

सेनापतीने पुढे जावे की मागे राहून सैन्य सांभाळावे, हा प्रश्न तर आमच्या मातीतलाच आहे. नेसरी येथून फार दूर नाही. १६७४ मध्ये सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते तेथेच. त्या शौर्यापुढे आपण मान लववितो. पण सरनौबत पडल्यावर मागे राहिलेल्या फौजेचे काय, हा प्रश्न वर्गात एखादा चौकस मुलगा विचारतोच. या खेळातला यंत्रवीर नष्ट झाला तरी मुख्य ठाण्यावरून पुन्हा उठतो, ही खेळाची सवलत. मात्र तो परत येईपर्यंत एकही दल जागचे उचलले जात नाही, आणि तेवढ्या अवधीत डाव फिरतो. खेळणाऱ्यास दर मिनिटास हाच निर्णय घ्यावा लागतो.

इतका विचारपूर्वक रचलेला खेळ मग उपेक्षित का राहिला? आमच्या मते याचे एक कारण असे की, तो ज्या प्रकारचा होता त्या प्रकारास तेव्हा नावच नव्हते. झटपट गोळीबाराची हौस असणाऱ्यांस तो किचकट वाटला, आणि शांतपणे डाव मांडणाऱ्यांस धांदलीचा. १९९२ मध्ये अमेरिकेतील वेस्टवुड स्टुडिओजने 'ड्यून २' हा खेळ काढला, आणि तेथून वेळेबरोबर धावणाऱ्या रणनीतीच्या खेळांचा संप्रदाय जगभर सुरू झाला. १९९५ चा 'कमांड अँड कॉन्कर', १९९८ चा 'स्टारक्राफ्ट' ही त्याच घराण्याची मुले. 'ड्यून २'चे निर्माते ब्रेट स्पेरी यांनी आपल्या प्रेरणास्थानांत 'हेर्झोग झ्वाय'चे नाव मोकळेपणाने घेतले आहे. नातवंडांची नावे सर्वतोमुखी झाली आणि आजोबा मात्र ओसरीवरच राहिले!

उपेक्षेचे दुसरे कारण आमच्या देशापुरते आहे, आणि ते आम्हांस अधिक बोचते. जपानी व अमेरिकी मुलांनी हा खेळ दुकानात पाहिला आणि बाजूस ठेवला. आमच्या मुलांस तो पाहावयासच मिळाला नाही. मेगा ड्राइव्ह हिंदुस्थानात रीतसर आले ते १९९५ मध्ये, शॉ वॉलेस या कंपनीच्या मार्फत, आणि त्याची किंमत होती अठरा हजार रुपये. त्या वेळचे अठरा हजार! खासबागेत मागाच्या खडखडाटात ज्यांचे दिवस उगवतात व मावळतात, त्या विणकरांच्या घरात ही रक्कम कोठून यावी? आमच्या पिढीच्या वाट्यास आली ती 'समुराई' व 'लिटल मास्टर' यांसारखी स्वस्त यंत्रे आणि शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या कॅसेटी. त्यांतही आनंद होता, नाही असे नाही. पण आपणांस काय आवडते हे ठरण्याआधी आपणांपर्यंत काय पोचते हे दुसऱ्याच कोणी ठरविलेले असते, आणि पुस्तकांइतकेच ते खेळांसही लागू आहे.

या खेळाचा शोध घेण्याचे मनावर घेतल्यावर प्रथम आम्ही बेळगावातील दोन-तीन दुकाने पालथी घातली. नाव उच्चारताच दुकानदार आमच्याकडे पाहून हसत. खासबागच्या रविवारच्या बाजारात जुन्या वस्तूंच्या ढिगातून एकदा कॅसेटींचा जुडगा निघाला, तो समुराईच्या काळातील होता. जुनी अस्सल कॅसेट परदेशी संग्राहकांच्या हाती गेलेली. शेवटी जी वाट सापडली ती नव्या प्रतीची. टेक्नोसॉफ्टचे खेळ रचण्याचे काम २००१ च्या सुमारास थांबले होते. २०१६ मध्ये सेगाने तिच्या खेळांचे हक्क विकत घेतले, आणि २०२० मध्ये एम-टू या संस्थेच्या हातून 'हेर्झोग झ्वाय' निन्टेन्डो स्विच या यंत्रावर पुन्हा प्रकाशित झाला. तीत नवख्यांसाठी धडेही जोडले आहेत, हे विशेष. पुण्यास नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ती प्रत विकत घेतली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्यासमोर बसून आम्ही तो खेळलो आणि सपाटून हरलो.

खेळात दोष नाहीत असे नाही. दले कित्येकदा डोंगराच्या कडेस अडकून मूर्खासारखी धडका देत राहतात. संगणक प्रतिपक्षी असला की त्याच्या युक्त्या लवकर ओळखता येतात. खरा रंग भरतो तो दोन माणसे एकाच पडद्यासमोर बसली म्हणजे. पडद्याचे दोन भाग होतात, प्रत्येकाच्या हाती तीन बटणांचा एक चौकोन, आणि शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्यावरूनही त्याचा बेत ओळखावयाचा. आपापल्या मोबाइलवर मान खाली घालून एकेकटी खेळणारी मुले पाहिली की आम्हांस या जुन्या व्यवस्थेचे मोल अधिकच वाटते.

'हेर्झोग झ्वाय' वाचला हे सुदैव. सर्वांच्या नशिबी ते नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले की, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज रीतसर बाजारात मिळतच नाहीत. यंत्र बिघडते, संस्था बुडते, हक्क कोणाच्या तरी दप्तरात पडून राहतात. इंटरनेटवर विनापरवाना नकला मिळतात आणि मुले त्या वापरतात, हे आम्ही जाणतो. जेथे रीतसर प्रत मिळते तेथे ती सोडून नकल घेणे आम्हांस मान्य नाही. जेथे ती कोठेच मिळत नाही तेथे दोष मुलांस द्यावा की हक्क दाबून बसलेल्यांस, याचा विचार मोठ्यांनी करावा. सावंतवाडीचा गंजिफा असाच नाहीसा व्हावयाचा, पण राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ती विद्या उतरवून घेतली, राजवाड्यात कारागीर बसविले, आणि एकशेवीस पानांचा तो दशावतारी जोड आजही हाती धरावयास मिळतो. लाखेच्या पानांसाठी जे झाले ते कॅसेटींसाठी होऊ नये असे काही नाही.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात खिडकीजवळचे एक कपाट रिकामे आहे. ज्या कोणाच्या माळ्यावर जुने खेळयंत्र, कॅसेट किंवा नुसती तिच्यासोबतची पुस्तिका पडली असेल, त्याने ती मोडकी म्हणून भंगारवाल्यास देण्यापूर्वी आम्हांस दाखवावी. खेळाचे नाव, रचणाऱ्यांचे नाव, साल आणि तो घरात कसा आला, एवढे एका वहीत लिहून घेण्याचे काम नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी आपणहून पत्करले आहे. वहीच्या पहिल्या पानावर अजून एकच नोंद आहे, आणि तीही समुराईच्या त्या जुडग्याची.