खाडीवरचा पूल आणखी किती लांबणार?

वसई खाडीकाठच्या उमेळे, नायगाव या गावांचा मुंबईशी सरळ संबंध आजही रुळांवरूनच आहे. विरारहून मुंबईत बॅकबेला पहिली गाडी 1867च्या एप्रिलमध्ये धावली. लोकलने नायगावनंतरचे स्थानक भाईंदर. मोटारीने मात्र महामार्ग गाठून घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलावरून वळसा. जुलै 2018च्या पावसात वसई–नालासोपारा पट्ट्यात रूळ बुडाले, लोकल थांबली आणि चाकरमानी अडकले.

फेब्रुवारी 2024पासून वसई–भाईंदर रो-रो बोटसेवा सुरू आहे. रस्त्याने सुमारे 38 किलोमीटरचे अंतर पाण्यावरून साडेतीनवर आले. ही सोय मोलाची, पण भरती-ओहोटी, वादळवारा सांभाळणारी बोट पुलाची जागा घेऊ शकत नाही.

भाईंदर–नायगाव खाडीपूल दशकाहून अधिक काळ चर्चेत आहे. तो रखडल्याने सर्वाधिक अन्याय खाडीतल्या पाणजू बेटावर होतो. बेटावरून रेल्वेगाड्या धडधडत जातात, पण तिथे स्थानक नाही. आजारी माणसालाही होडीचाच भरवसा. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पुलाच्या कामाचे टप्पे तारखांसह जाहीर करावेत आणि पाणजूला उतारमार्ग मिळेल, हे त्यात लेखी नमूद करावे.