कळंब्याच्या हद्दवाढीचा निर्णय आमदाराच्या हातात असतो का?

गारगोटी रस्त्यानं कोल्हापूर शहराबाहेर पडताना शहर कुठे संपलं आणि कळंबा कुठे सुरू झालं, हे नवख्या माणसाला कळत नाही. घरं सलग, दुकानं सलग, रस्ताही तोच. पण कागदावर ही दोन वेगळी जगं आहेत. एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला ग्रामपंचायत. घरफाळा वेगळा, बांधकामाची परवानगी वेगळी, कचरा उचलणारी यंत्रणा वेगळी.

मध्यवर्ती कारागृह आणि संस्थानकाळात शहराच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव यांमुळे कळंब्याचं नाव राज्यभर माहीत आहे. सरकारी दप्तरात गावाचं नाव आहे 'कळंबे तर्फ ठाणे'. कोल्हापूरच्या हद्दवाढीचा प्रस्ताव निघाला की हे नाव यादीत असतंच. आणि यादी आली की गावात एकच प्रश्न विचारला जातो, 'आमदार काय करतायत?'

प्रश्न रास्त आहे. पण आमदाराला यात नेमका किती अधिकार आहे? तो काय करू शकतो आणि काय करू शकत नाही?

हद्दवाढीचा वाद नेमका काय?

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. १५ डिसेंबर १९७२ ला तिची महापालिका झाली. तेव्हापासून शहराची हद्द एकदाही वाढलेली नाही. क्षेत्रफळ आहे ६६.८२ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ५ लाख ४९ हजार.

शहरातल्या समर्थकांचं म्हणणं सरळ आहे. जागा संपली, वस्ती आडवी वाढून गावांत गेली. उपनगरातला माणूस कामाला शहरात येतो, केएमटीनं फिरतो, शहराच्या रस्त्यांवर गाडी लावतो, पण कर शहराला देत नाही. शहर मोठं झालं तर केंद्र आणि राज्याच्या योजनांमध्ये जास्त निधी मिळेल.

गावांचं म्हणणंही तितकंच सरळ आहे. शहराच्या सध्याच्या हद्दीतच रस्ते, कचरा आणि पाण्याच्या तक्रारी आहेत, मग आम्हाला काय देणार? घरफाळा वाढेल. शेतजमिनीवर विकास आराखड्याची आरक्षणं पडतील. सरपंच समोर भेटतो, महापालिकेत कुणाला शोधायचं?

२०१६ मध्ये हा वाद टोकाला गेला. १८ गावं आणि दोन औद्योगिक वसाहती शहरात घ्यायची मागणी होती. शहर आणि गावं, दोन्हीकडून आंदोलनं झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मधला मार्ग काढला. हद्दवाढ नको, प्राधिकरण करू. त्यातून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं.

पण प्राधिकरणानं वाद मिटला नाही. बांधकाम परवानगीसाठी गावकऱ्यांना नवं कार्यालय मिळालं, विकासासाठी अपेक्षित पैसा मात्र आला नाही, ही तक्रार राहिली. २०२५ मध्ये हद्दवाढीचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला, या वेळी कमी गावांचा. कळंबा त्यातही होतं.

मग निर्णय कोण घेतं?

महापालिकेची हद्द बदलण्यासाठी विधानसभेत विधेयक येत नाही. मतदान होत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३ नुसार हा अधिकार राज्य सरकारचा आहे. सरकार महापालिकेशी विचारविनिमय करतं, आधी प्रारूप अधिसूचना काढून हरकती मागवतं आणि मग अंतिम अधिसूचना काढतं. ही सगळी फाईल नगरविकास विभागातून फिरते.

म्हणजे कळंब्याच्या आमदाराला हद्दवाढीच्या बाजूनं किंवा विरोधात मत देण्याची जागाच नाही. तो सही करून गाव यादीतून काढू शकत नाही आणि घालूही शकत नाही. त्याच्याकडे आहे ते वजन. मंत्र्याला भेटणं, सभागृहात विषय काढणं, आपल्याच सरकारला अडचणीत आणणं किंवा न आणणं.

आणि हे वजन नेहमी पक्षाच्या रेषेवर चालत नाही. २०१६ च्या वादात शहराचे आमदार राजेश क्षीरसागर हद्दवाढीच्या बाजूनं होते, तर करवीरचे आमदार चंद्रदीप नरके विरोधात. दोघंही तेव्हा शिवसेनेचे. पक्ष एक, मतदार वेगळे, म्हणून भूमिका वेगळ्या.

दक्षिणच्या आमदाराची अडचण

कळंबा येतं कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात. २००८ च्या पुनर्रचनेत तयार झालेल्या या मतदारसंघात शहराचे काही प्रभाग आहेत आणि करवीर तालुक्यातली गावंही. म्हणजे हद्दवाढ हवी म्हणणारा मतदार आणि नको म्हणणारा मतदार, दोघंही एकाच आमदाराचे.

मतदारसंघाचा निकालही फिरता राहिला आहे. २००९ मध्ये काँग्रेसचे सतेज पाटील निवडून आले. २०१४ मध्ये भाजपचे अमल महाडिक यांनी त्यांना हरवलं. २०१९ मध्ये काँग्रेसचे ऋतुराज पाटील आले आणि २०२४ मध्ये पुन्हा अमल महाडिक. जिथे जागा कधीही हातातून जाऊ शकते, तिथे अर्ध्या मतदारांना दुखावणारी भूमिका घेणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे असा विषय 'सर्वांना विश्वासात घेऊन' या वाक्यावर अडकून राहण्याची शक्यता जास्त.

विधान परिषदेचं गणित आणखी वेगळं. सतेज पाटील २०१६ पासून कोल्हापूरच्या स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे आमदार आहेत. या निवडणुकीत नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य मतदान करतात. ग्रामपंचायत सदस्यांना मत नसतं. म्हणजे कळंब्याचा सरपंच गाव चालवतो, पण या आमदाराच्या निवडणुकीत तो मतदार नाही.

आमदार निधी किती पुरतो?

गावात आमदाराचं काम मोजलं जातं ते फलकांवरून. 'आमदार फंडातून' झालेलं सभागृह, रस्ता, हायमास्ट दिवा. महाराष्ट्रात हा निधी २०२० मध्ये वर्षाला २ कोटींवरून ३ कोटी झाला, पुढच्या वर्षी ४ कोटी आणि २०२२ मध्ये ५ कोटी. पाच वर्षांचे झाले २५ कोटी. तेही संपूर्ण मतदारसंघासाठी.

इथेही आमदार काम सुचवतो. मंजुरी आणि पैसे जिल्हा प्रशासनाकडून येतात, काम दुसरी यंत्रणा करते.

हा निधी किती छोटा आहे हे समजण्यासाठी काळम्मावाडीची थेट पाइपलाइन बघता येईल. दूधगंगेवरच्या धरणातून शहराला पाणी आणणारी ही योजना मंजूर झाली तेव्हा तिचा खर्च होता सुमारे ४८८ कोटी. एका आमदाराचा सगळा निधी, दुसऱ्या कशावरही एक रुपया खर्च न करता, जवळपास ९८ वर्षं साठवला तर एवढी रक्कम होते.

म्हणून मोठी कामं निधीतून होत नाहीत. ती होतात राज्याच्या अर्थसंकल्पातून, पुरवणी मागण्यांतून, केंद्राच्या योजनांतून आणि पालकमंत्री अध्यक्ष असलेल्या जिल्हा नियोजन समितीतून. आमदाराचं खरं कसब तिथे लागतं, आणि तिथलं काम फलकावर दिसत नाही.

एक काम, चार मुख्यमंत्री

थेट पाइपलाइनचा प्रवास आणखी एक गोष्ट सांगतो. योजनेसाठी आग्रह धरणारे सतेज पाटील २०१४ मध्ये निवडणूक हरले. मंजुरी पृथ्वीराज चव्हाण मुख्यमंत्री असतानाची. नंतर देवेंद्र फडणवीस आले, मग उद्धव ठाकरे. पाणी शहरात पोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना. त्या दिवाळीत पाटील यांनी या पाण्यानं अभ्यंगस्नान केलं, त्याचे फोटो सोशल मीडियावर फिरले.

मधल्या काळात योजनेवर विलंबाचे, दर्जाचे आरोप झाले. श्रेयाचा वाद तर अजून चालू आहे. पण आमदाराची मुदत पाच वर्षांची आणि अशा कामाचं आयुष्य दहा वर्षांचं, हा फरक राहतोच. त्यामुळे 'या पाच वर्षांत काय केलं?' या प्रश्नाचं खरं उत्तर कधी कधी पुढच्या आमदाराच्या काळात मिळतं. आणि कधी कधी मागच्याचं श्रेय पुढच्याला.

सभागृहात प्रश्न विचारून काय होतं?

विधिमंडळाची वर्षाला साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. गावाचा विषय तिथे नेण्याचे काही ठरलेले मार्ग आहेत.

- तारांकित प्रश्न: मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात.
- अतारांकित प्रश्न: उत्तर लेखी मिळतं. गाजत नाही, पण माहिती नोंदीवर येते.
- लक्षवेधी सूचना: तातडीच्या विषयावर मंत्र्याला निवेदन करावं लागतं.
- अर्धा तास चर्चा: आधीच्या उत्तरानं समाधान झालं नाही तर विषय पुन्हा काढता येतो.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे आश्वासन. मंत्र्यानं गावातल्या सभेत दिलेला शब्द हवेत जातो. तोच शब्द सभागृहात दिला तर त्याची नोंद होते आणि तो पाळला गेला की नाही, हे बघायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. 'कळंब्याला विश्वासात घेतल्याशिवाय अधिसूचना निघणार नाही' हे वाक्य मंत्री कुठे बोलला, यावर त्याची किंमत ठरते.

दबाव कधी चालतो?

शक्तिपीठ महामार्गाचं उदाहरण ताजं आहे. वर्ध्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला हा सुमारे ८०२ किलोमीटरचा रस्ता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला विरोध केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना सरकारनं रद्द केली. निवडणूक झाली आणि २०२५ मध्ये महामार्गाचा विषय पुन्हा सुरू झाला. जूनमध्ये मंत्रिमंडळानं २० हजार ७८७ कोटींच्या तरतुदीला मंजुरी दिली.

आमदारांचा दबाव कामाला येतो, पण तो निवडणुकीच्या आधी जास्त येतो, हे यातून दिसतं. आणि निवडणुकीआधी मिळालेली गोष्ट नंतर टिकेलच असं नाही.

बाकीचे लोकप्रतिनिधी कुठे होते?

आमदारावर एवढं ओझं येण्याचं आणखी एक कारण आहे. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली, तीही जुन्याच हद्दीवर. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथेही प्रशासक बसला. या काळात शहरात नगरसेवक नव्हता, गावाकडे जिल्हा परिषद सदस्य नव्हता. गटार तुंबलं तरी फोन आमदाराला.

याचा हद्दवाढीशी थेट संबंध आहे. कायदा म्हणतो, सरकारनं महापालिकेशी विचारविनिमय करावा. पण महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नसेल तर हा विचारविनिमय होतो सरकारनंच नेमलेल्या अधिकाऱ्याशी. २०२५ च्या प्रस्तावावेळी परिस्थिती तशीच होती.

मग कळंबेकरांनी आमदाराला काय विचारावं?

'हद्दवाढ थांबवणार का?' या प्रश्नाला कुठलाही आमदार 'जनतेसोबत आहे' असंच उत्तर देईल. त्यापेक्षा तपासता येतील असे प्रश्न उपयोगाचे.

नगरविकास विभागाला लेखी पत्र दिलं का, आणि त्यात गावाच्या बाजूनं काय लिहिलं? गेल्या तीन अधिवेशनांत या विषयावर प्रश्न किंवा लक्षवेधी दिली का? मंत्र्याचं उत्तर काय होतं? गाव शहरात गेलं तर घरफाळा किती वर्षांत, कोणत्या टप्प्यानं वाढणार, हे सरकारकडून नोंदीवर घेतलं का? आणि नाही गेलं तर प्राधिकरणाकडून गावाला परवानगीच्या कागदाशिवाय काय मिळणार?

विधिमंडळाचं कामकाज संकेतस्थळावर बघता येतं, आणि सरकारी पत्रव्यवहार माहिती अधिकारात मागता येतो. त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

अधिसूचना उद्या निघाली तर ग्रामपंचायतीच्या हाती शेवटचं साधन उरेल ते हरकतीचं. हरकत कळंब्यातला कुठलाही रहिवासी स्वतःच्या नावानं, ठरलेल्या मुदतीत देऊ शकतो. त्या कागदावर आमदाराची सही लागत नाही.